पूल आला, सायान

"इथे कोणी बसलंय का?"

"बसलंय."

त्याने जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा जागेकडे. रिकामी होती ना ती! सकाळची सुरिनला जाणारी साधी गाडी, तिसरा वर्ग, दारापर्यंत माणसं उभी… आणि खिडकीजवळची अख्खी जागा मी अडवून ठेवलेली. बँकॉकपासून तीन जणांशी भांडून झालं होतं. हा चौथा. मी पदर खोचून तयारच होते म्हणा ना, फक्त पदर नव्हता.

"कोण बसलंय?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं.

"माझा भाऊ."

"मग तो कुठे—"

तेवढ्यात त्याला माझ्या मांडीवरचा कलश दिसला. पांढरं कापड, वरून पांढरा दोरा, आणि दोऱ्यात खोचलेली अर्धी जळलेली उदबत्ती. मी म्हटलं, आता हा चरकून मागे सरकेल, किंवा तोंड वाकडं करून पुढच्या डब्यात जाईल. त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि त्या रिकाम्या जागेला वाकून हात जोडले.

"माफ करा हं दादा. गर्दीत लक्ष गेलं नाही."

आणि माझ्या पायांशी, जाण्यायेण्याच्या वाटेत, पिशवीवर टेकून बसला. मला रडू यायला नको होतं. पण तसं त्याला कोणी दादा म्हटलंच नव्हतं चार दिवसांत. सगळे 'बॉडी' म्हणत होते, मग 'अस्थी' म्हणायला लागले.

सायान माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बँकॉकच्या दक्षिणेला एका उंच इमारतीचं काम चालू होतं, तिथे सिमेंटच्या पराती वर चढवायचा. बांबूची परांची सुटली आणि तो खाली आला. जो असा अचानक, घरापासून लांब जातो ना, त्याला आपण गेल्याचं कळत नाही. तो तिथेच घोटाळत राहतो. म्हणून त्या जागेवर भंतेंना नेलं, त्याला हाक मारली, उदबत्ती पेटवली आणि सांगितलं, चल, घरी जायचंय. आता घर येईपर्यंत प्रत्येक पुलावर, प्रत्येक वळणावर त्याला सांगायचं. पाणी आलं की जीव थबकतो. न सांगता आपण पुढे गेलो, तर तो अलीकडेच उभा राहतो… कायमचा.

ज्यांच्याकडे स्वतःची गाडी असते ते मागे उदबत्तीचं मडकं धरून बसतात आणि वाटेत थांबत थांबत आणतात. माझ्याकडे होती लाँड्रीतली नोकरी आणि तिसऱ्या वर्गाचं तिकीट. उदबत्ती तर तिकीट तपासनिसाने गाडी सुटायच्या आधीच विझवायला लावली. त्याचं तरी काय चुकलं, डब्यात आग कोण चालू देईल! म्हणजे आता सायानला वाट दाखवायला राहिला फक्त माझा आवाज.

निघताना आईचा फोन आला होता. तिचा गुडघा गेलाय, तिला येता आलं नाही. रडणं संपलं होतं तिचं. एकच सांगत होती, "दुआन, एकही पूल सोडू नकोस बरं. तो लहानपणापासून बावळट. जत्रेत कुठेतरी बघत उभा राहायचा आणि मागे राहायचा. तुला माहितीये ना?"

मला माहीत होतं. दर जत्रेत त्याला शोधायला मीच जायची.

*

पहिला कालवा आला तेव्हा डब्यात कॉलेजची मुलं गाणी म्हणत होती. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. इतक्या लोकांसमोर रिकाम्या जागेशी बोलायचं… गाडी पुलावर चढली. खालचं पाणी चमकलं.

"सायान—" माझा नुसता श्वास निघाला.

खालून, माझ्या पायांपासून, खणखणीत आवाज आला. "सायान दादा! पूल आला! बहिणीबरोबर पलीकडे चला!"

सगळा डबा वळून बघायला लागला. एक मुलगा हसायला लागला, त्याला शेजारच्या टोपलीवाल्या मावशीने असं पाहिलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग मावशीने टोपलीतून चिकट भाताचा गोळा काढला, केळीच्या पानावर ठेवला आणि सायानच्या जागेवर ठेवून दिला.

"तुम्हाला नाव कसं कळलं?" मी विचारलं.

"आत्ता तुम्हीच पुटपुटलात की. माझे कान तिखट आहेत." मग हळूच, "चुकलं का माझं? परक्याने बोलवलं तर चालतं ना?"

"चालत असेल… त्याला कोणीही बोलावलं तरी जायचा तो."

"उत्तर देतात का ते?"

"नाही."

"मग आले की नाही, कळतं कसं?"

मी कलशावरचा हात घट्ट केला. "नाहीच कळत."

त्याचं नाव खेन; माझं मी दुआन सांगितलं. मोलामच्या मंडळीत दिवे लावायचा, म्हणजे त्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांवर लाल-निळे झोत सोडायचे ते काम. गावोगाव फिरायचा. मंडळींचं सामान ट्रकने जायचं, आणि ट्रकमध्ये जागा उरली नाही की हा असा साध्या गाडीने. स्वस्तात कसं जायचं ते याला विचारावं! कुठल्या बाजूला ऊन येत नाही, कुठल्या स्टेशनावर गाडी पाणी भरायला थांबते, कुठल्या फाट्यावर सोंगथेव, म्हणजे ती बाकांची टमटम, मिळते आणि तिच्या दोन बाकांपैकी कुठल्यावर बसलं तर धूळ कमी लागते, सगळं तोंडपाठ.

"आज रात्री सुरिनला खेळ आहे," तो म्हणाला. "वेळेत नाही पोचलो तर मालक दुसरा धरतो. मागल्या वर्षी असाच मला धरलाय, दुसऱ्याच्या जागी."

"मग एसी बसने का नाही गेलात?"

"तिथे तुम्ही भेटला नसता."

"मी?"

"म्हणजे… दादा भेटले नसते." आणि गालात हसला, आगाऊ कुठला!

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पण खिडकीच्या चौकटीच्या चकचकीत पत्र्यात माझाच चेहरा दिसत होता आणि तो रागावलेला दिसत नव्हता, ही पंचाईत.

दुपारपर्यंत त्याची एक खोड मला कळली. थेट माझ्याशी काही बोलायचा नाही. सगळं सायानच्या नावावर. "दादा, तुमची बहीण सकाळपासून काही खात नाही, हे बरं नव्हे." "दादा, ही नेहमीच अशी कपाळाला आठी घालते, की माझ्यासाठी खास?" "दादा, हिच्या हातांना साबणाचा वास येतो. वाईट नाही, चांगला येतो…"

"सायान, याला सांग, आपल्या कामाकडे बघ म्हणावं," मी म्हटलं.

"ऐकलंत दादा? आता 'अहो' गेलं. 'अरे'वर आली."

आणि प्रत्येक पुलावर आम्ही दोघं मिळून सांगायचो. आधी मी, मग तो. सायान, पूल आला. सायान, चल. मी दर वेळी पलीकडे पोचल्यावर क्षणभर थांबायचे, काहीतरी ऐकू येईल म्हणून. चाकांचा आवाज यायचा. कोणाचं तरी मूल रडायचं. बाकी काही नाही.

कोराटला डबा बराच रिकामा झाला. खेन माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसला. भाजलेल्या कोंबडीच्या दोन काड्या त्याने घेतल्या, एक माझ्या हातात कोंबली. रुळांचा फाटा आला, तिथेही सायानला सांगितलं. आणि मग एकदम अंधारून आलं. वाऱ्याबरोबर आडवा पाऊस आत शिरला. सगळ्यांनी धडाधड पत्र्याच्या झडपा खाली ओढल्या. डब्यात संध्याकाळ झाली. वर पत्रा ताडताड वाजत होता, एकमेकांचं बोलणं ऐकायला जवळ वाकावं लागत होतं.

खेनने पिशवीतून रंगीत कागद काढले. त्याच्या दिव्यांवर लावायचे, पातळ, काचेसारखे. फोनची बत्ती लावली आणि त्यावर लाल कागद धरला.

"हं. बसा सरळ. बघू या तुमच्यावर कुठला रंग चढतो."

"काहीतरीच! बंद कर ते."

"लाल… नको. लाल तर नुसता रागच दिसतोय. निळा?… निळ्यात फारच दुःखी बाई दिसते, ही गायला लागली तर लोक उठून जातील. पिवळा… अरे देवा! पिवळ्यात कावीळ!"

मला हसू आलं. आधी नाकातून, मग एकदम मोठ्याने, पोट धरून. मी त्याच्या हातातून कागद ओढायला गेले, तो सोडेना… आणि बोटांवर बोटं राहिली. त्याच्या अंगठ्यावर दिव्याने भाजल्याचा जुना डाग होता. मी तो पाहिला. त्याने मला पाहताना पाहिलं. हिरवा कागद आमच्या दोघांच्या हातात होता, आणि वर पाऊस असा कोसळत होता की जगात दुसरा आवाजच नव्हता.

"हिरवा," तो म्हणाला. हळू, पहिल्यांदाच थेट माझ्याशी. "हिरव्यात… तुम्ही शेतातून आल्यासारख्या दिसता. भात लावून."

मी हात काढला नाही.

गाडी थांबली. पाऊसही ओसरला होता. टोपलीवाल्या मावशीने उतरण्यासाठी झडप वर केली आणि बाहेर स्टेशनची पाटी दिसली: 'चक्करात'.

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग पाटी पुन्हा वाचली.

"मावशी," मी म्हटलं, "मून… मून नदी?"

"मून? अगं, ती केव्हाच गेली. ता छांग स्टेशनच्या आधी… नंतर… पावसात कुठलं दिसतंय!" आणि मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या कलशाकडे गेली, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मून. आमच्या वाटेवरची सगळ्यात मोठी नदी. सगळ्यात मोठा पूल. आणि मी हसत होते.

*

"उतरू या," खेन उठलाच. "परतीच्या गाडीने मागे—"

"परतीची गाडी संध्याकाळी आहे! बुरीरामला मामा ट्रक घेऊन उभा असेल. विहारात भंते बसलेत. आई दारात बसलीये सकाळपासून!" माझा आवाज चढत गेला. "हाडं इथे माझ्या मांडीवर, आणि तो तिकडे… पावसात… कोणी सांगितलं नाही म्हणून नदीकाठी उभा असेल, कोणीतरी येईल म्हणून वाट बघत! आणि हे तुझ्यामुळे! तू हसवलंस मला! कशाला आलास तू इथे बसायला? कोणी सांगितलं होतं?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो काही बोलला नाही. नंतर मला वाटलं, एक शब्द जरी उलटा बोलला असता ना, तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर शिट्टी वाजली.

"दादांचं काहीतरी दे," खेन म्हणाला. "अंगावरचं."

"काय?"

"लवकर, दुआन! हाक मारायला काहीतरी लागतं ना? आमच्या गावात शर्ट धरतात."

माझ्या पिशवीत वर सायानचा शर्ट होता. निळ्या चौकड्यांचा, कॉलर विरलेली. त्याच्या खोपटात खिळ्याला टांगलेला मिळाला होता, सिमेंट लागलेला. मी तो दिला. का दिला, माहीत नाही. गाडी हलली. तो दारात होता.

"गाव?"

"बान दोन साय! सतूकच्या अलीकडे—"

त्याने उडी मारली. फलाटावर एक पाय मुडपला त्याचा, मग सावरला. शर्ट छातीशी धरून, गाडी आली त्या दिशेला चालायला लागला. वळूनही पाहिलं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी एका परक्या माणसाच्या हातात माझ्या भावाचा शर्ट दिला होता, आणि त्याचा फोन नंबरसुद्धा माझ्याकडे नव्हता.

पुढच्या प्रत्येक पुलावर मी गप्प बसले. कोणाला सांगू?

*

आईने मला विचारलं ते फाटकातच. कलशाला हात लावायच्या आधी.

"सगळे सांगितलेस?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते मी. मामाच्या ट्रकमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. पण तिने पायरीवर त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता, आणि त्याच्या जुन्या चपला शेजारी मांडल्या होत्या.

"एक राहिला, आई. मूनचा."

"झोप लागली का गं?"

"नाही." मला तिच्याकडे बघवेना. "मी… हसत होते."

ती खांबाला धरून खाली बसली. शर्ट घेऊन गेलेल्या त्या मुलाचंही मी सांगून टाकलं. ओरडली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्याकडे भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. दिवस मावळायच्या आत अख्ख्या गावाला कळलं होतं की दुआन भावाला आणताना पोराबरोबर हसत होती.

मामा म्हणाला, भंते म्हणतात चालतं, विधी करून घेऊ, अस्थी स्तूपात ठेवू.

"तुमचं चालत असेल," आई म्हणाली. "माझा मुलगा अजून आलेला नाही. मी रिकाम्या भांड्यावर झाकण लावू देणार नाही."

भंते भले. थांबू म्हणाले. कलश देवघराशेजारी ठेवला आणि आई रोज त्याच्यापुढे ताट न ठेवता ते फाटकात ठेवायला लागली, वाट पाहणाऱ्या माणसासाठी झाकून ठेवतात तसं. संध्याकाळी ते कुत्री खायची. मी सकाळी ताट घासायची आणि आई पुन्हा वाढायची. आम्ही दोघी एकमेकींशी फक्त मीठ, पाणी, सरपण एवढंच बोलत होतो.

"तो मुलगा येईल," मी एकदा म्हटलं. "सायानला घेऊन."

शेजारची नोई काकू फिस्सकन हसली. "हो तर! शर्ट विकून सुरिनला दारू प्यायला असेल एव्हाना."

"तो शर्ट कोण विकत घेणार, काकू?" मी म्हटलं. पण रात्री उशीत तोंड खुपसून मीही तेच म्हणत होते. तो कशाला येईल? मी त्याला सगळ्या डब्यासमोर तोडलं होतं. त्याचा खेळ होता, मालक होता. आणि माझा सायान नदीकाठी उभा होता, आणि मला त्याचा विचार करताना मध्येच एक हिरवा कागद आठवायचा, आणि स्वतःची किळस यायची.

*

त्या दिवशी मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. उन्हाने डोळे दुखत होते. सडकेच्या बाजूने पोरांचा गलका आला, मग एकदम थांबला. आमच्या गावची पोरं गप्प बसत नाहीत. मी मान वर केली.

सडकेवरून एक माणूस लंगडत येत होता. दोन्ही हात पुढे पसरलेले, त्यावर निळा चौकड्यांचा शर्ट घडी करून ठेवलेला. आणि तो शेजारी बघत, सतत बोलत होता. आवाज नव्हताच त्याला. नुसती खरखर.

"…आता हे वळण उजवीकडे, दादा. सांभाळून, इथे चिखल आहे. ही मोरी. मोरी आली, दादा, पलीकडे चला. हं… आता पुढचं मला माहीत नाही. तुमचंच गाव. आता तुम्ही पुढे व्हा."

मी पळायला उठले. माझ्या आधी आई निघाली. काठी न घेता, तो मोडका गुडघा ओढत, फाटकाबाहेर, सडकेवर. खेन थांबला. तिने त्याच्या हातांवरचा शर्ट उचलला आणि छातीशी धरला.

"आलास?" ती म्हणाली. "किती रे उशीर केलास… कुठे बघत उभा राहिलास बाळा?"

आणि मग ती रडली. सायान गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. आमची आई अशी रडते हे मला ठाऊकच नव्हतं.

मामा आतून तांदळाची वाटी घेऊन आला. जीव आला की नाही ते बघायची रीत आहे आमची. चिमूट उचलायची, दाणे जोडीने निघाले तर आला.

"ठेव ते तांदूळ," आई म्हणाली. "मला कळतं माझं पोर आलेलं."

खेन पायरीवर बसला. तळपाय फुटले होते. मी पाणी दिलं, तो घटाघट प्यायला, पण बोलायला गेला तर शब्द फाटत होते. मी जवळ वाकले. पत्र्यावर पाऊस नव्हता, तरी तसंच जवळ वाकावं लागलं.

"पुलाखाली गेलो," तो म्हणाला. "तीनदा हाक मारली. मग म्हटलं, रेल्वे नको. गाडी थांबत नाही, सांगायला सवड मिळत नाही… पुन्हा राहिले तर? म्हणून सडकेने आलो. सोंगथेव मिळाली तिथे सोंगथेव, नाही तिथे चालत. उसाच्या ट्रॅक्टरवर बसलो एकदा. शेजारी त्यांची जागा ठेवली, भांडून."

"आणि आवाज?"

"अगं, कुठला पूल धरायचा आणि कुठला नाही, मला काय माहीत! नाला, ओढा, मोरी… जिथे पाणी दिसलं तिथे सांगत आलो. भातखाचरांतून तर पाणीच पाणी आहे तुमच्याकडे." तो हसायला गेला आणि खोकला आला.

"खेळ होता ना तुझा? मालक?"

त्याने हात हलवला, माशी उडवतात तसा. "दुसरा धरला."

मला खूप काही बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "लंगडतोयस तू."

"दादा," तो माझ्या खांद्यावरून शर्टाकडे बघून म्हणाला, "तुमची बहीण माझी चौकशी करतेय. लक्षात ठेवा हं. पुढे नाही म्हणेल."

संध्याकाळी आईने सुताचा पांढरा दोरा काढला. आधी त्याच्या मनगटाला बांधला. "तुझाही जीव वाटेत कुठेकुठे सांडला असेल पोरा. ये, सगळा गोळा होऊन ये." मग माझा हात ओढला. मी मागे घेतला. मला नको होता तो दोरा, माझी लायकी नव्हती.

"आण इकडे," आई म्हणाली. गाठ मारता मारता, खाली बघतच म्हणाली, "हसलीस ते हसलीस. त्याला तुझं हसू आवडायचं. ऐकू आलं असेल म्हणूनच उभा राहिला असेल, मेला… बावळट."

दुसऱ्या दिवशी भंते आले. सायानला स्तूपात ठेवलं, झाकण लावलं. त्या दिवशी आईने ताट फाटकात ठेवलं नाही, स्तूपापाशी ठेवलं.

*

लाँड्रीने किती दिवस वाट पाहायची? मला परत निघावंच लागलं. खेन म्हणाला, त्यालाही बँकॉकला काम बघायचंय. कुठलं काम, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईने दोघांना एकाच पानात भात बांधून दिला आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.

तीच साधी गाडी, उलटी. तिसरा वर्ग. या वेळी गर्दी नव्हती. मी माझ्या सवयीने खिडकीची जागा सोडून बसले आणि मग माझं मलाच कळलं. कोणासाठी सोडली होती? मांडी इतकी हलकी लागत होती की हात कुठे ठेवावेत ते सुचेना.

खेन क्षणभर उभा राहिला. "इथे… कोणी बसलंय का?"

मी मान हलवली. नाही. तो हळूच बसला, कलशाला धक्का लागू नये अशा बेताने बसतात तसा. त्याचा आवाज अजून आला नव्हता. पाय अजून सुजलेले, चार रात्रींची झोप राहिलेली. चक्करात स्टेशन यायच्या आधीच खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून तो झोपला. मनगटावरचा दोरा मळला होता.

आणि मग मून आली. आज लख्ख ऊन होतं. नदी रुंद, गढूळ, शांत. काठावर एक होडी. इथेच कुठेतरी सायान उभा होता, आणि हा पुलाखाली उतरून त्याला हाका मारत होता. मी दोन्ही हात जोडले. मला वाटलं होतं तेवढंच करायचं.

गाडी पुलावर चढली. खेन झोपलेला. आणि मला पुन्हा तीच भीती वाटली… न सांगता पलीकडे गेले तर? हा अलीकडेच राहिला तर? जिवंत माणसाला असं कोणी सांगत नाही, मला माहीत आहे. पण मी त्याच्या कानाशी वाकले.

"खेन," मी म्हटलं. "पूल आला. माझ्याबरोबर पलीकडे चल… पुढेही चल. राहू नकोस मागे."

आणि सवयीने थांबले, काही ऐकू येईल म्हणून. गेल्या वेळी प्रत्येक पुलावर थांबले होते तशी. चाकांचा आवाज येत होता.

त्याने डोळे उघडले नाहीत. फक्त माझा हात शोधला, आणि त्या फाटक्या, खरखरीत आवाजात म्हणाला, "आलो गं. चल."

मी तोंड ओढणीत खुपसलं. पूल संपून कितीतरी वेळ झाला तरी मला रडू आवरलं नाही.